आडनाव विचारण्याआधी

नव्या शाळेत पाठ घ्यायला गेलेल्या छात्राध्यापकाला शिक्षकखोलीत आधी नाव विचारतात. नाव सांगून झालं की लगेच, "आडनाव?" आडनावावरून अंदाज लागला तर खुर्ची पुढे सरकते, चहा येतो. नाही लागला तर "गाव कुठलं?", "गावात राहता की वस्तीवर?", "पाहुणे कुठले तुमचे?" असा फेरा सुरू होतो, तो अंदाज लागेपर्यंत थांबत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतंच असं नाही. माणूस कुठला हे कळल्याशिवाय आपल्याकडे बोलणं पुढे जात नाही, इतकंच. अर्ध्या तासाने हाच छात्राध्यापक वर्गावर जातो, हजेरीपट उघडतो आणि नावं वाचता वाचता मनातल्या मनात तेच करतो. कांबळे, देशमुख, कुलकर्णी, वळवी, शेख, पवार. पवार म्हणजे कुठले पवार? मुलांशी अजून एक शब्द बोलणं झालेलं नसतं, आणि कोण हुशार निघणार, कोण दांड्या मारणार, कुणाचा बाप पालकसभेला फिरकणार नाही याची निम्मी यादी डोक्यात तयार असते.

ही यादी कुठून येते, ती करणारा स्वतः कुठे उभा असतो, आणि आपण उभे आहोत ती जागा त्याला दिसू शकते का, हा या पुस्तकाचा विषय आहे. जातीचा इतिहास सांगणारी पुस्तकं मराठीत कमी नाहीत. जात वाईट आहे हे सांगणारी तर भरपूर आहेत. हे पुस्तक डी.एल.एड. आणि बी.एड. करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही. लिहिताना तालुक्याच्या गावची अध्यापक विद्यालयं डोळ्यांपुढे होती, कारण जिल्हा परिषदेच्या शाळांतले बरेचसे गुरुजी आणि बाई तिथूनच येतात.

स्वतःकडे पाहायला लावणारा तास अभ्यासक्रमात नाही, असं नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा 'अंडरस्टँडिंग द सेल्फ' नावाचा एक भाग त्यात आला. कल्पना चांगली होती. शिकवणाऱ्याने आपल्या धारणा कुठून आल्या ते तपासावं, लिहून काढावं, त्यावर बोलावं. कॉलेजांनी त्याचं काय केलं? सकाळी योगासनं, दुपारी व्यक्तिमत्त्व विकास, आणि शेवटी 'माझी बलस्थाने व उणिवा' असा एक तक्ता, जो मागच्या बॅचच्या फायलीतून उतरवून घेतला तरी चालतो. अशा फायली मी पुष्कळ तपासल्या आहेत. 'उणिवा' या चौकटीत हमखास 'मी लवकर चिडते' किंवा 'स्टेज डेअरिंग कमी' असतं. फायलीतल्या त्या 'मी'ला गाव नसतं, आळी नसते, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही हे सांगणारी आजी नसते. लिहिणाऱ्याला मात्र हे सगळं असतं, आणि वर्गावर जाताना तो ते बरोबर घेऊनच जातो.

विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, आम्ही जात मानत नाही." हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. बोलणाऱ्याने कुणाला हाकललेलं नसतं, डबा वाटून खाल्लेला असतो, मित्र सगळ्या जातींचे असतात. "आमच्या घरी तर हा विषयच कधी निघाला नाही," असंही कुणीतरी भर घालतं. तो का निघाला नाही, एवढंच विचारायचं. ज्या घरात विषय निघायची गरज पडली नाही, त्या घराला त्यातून काय मिळालं? कारण त्याच वर्गात असा कुणी असतो ज्याच्या घरी तो सहाव्या वर्षी निघाला, शाळेत जायच्या आदल्या दिवशी. कुठल्या माठाला हात लावायचा नाही, कुणाच्या ओसरीवर चढायचं नाही, आणि कुणी जात विचारली तर काय सांगायचं. आई हे सांगताना रागावलेली नसते, घाबरलेली असते. अशा मुलाला 'मी जात मानत नाही' म्हणायची सोय कधीच मिळत नाही, कारण त्याने न मानल्याने ती जात नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती नुसती जागा आणि फळा घेऊन नव्हे. शिकवणारी बाई तयार करणं हे त्यांच्या लेखी मूळ काम होतं, आणि सावित्रीबाईंनी नगरला सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांच्या जातीवरच बोट ठेवलं. शिक्षक शेतकरी वर्गातून घडवावेत, ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ते वाचताना वाटतं, या माणसाने शिक्षणशास्त्राचा अख्खा पेपर एका परिच्छेदात लिहून टाकला होता. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने साधारण चौदाव्या वर्षी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शिकवणाऱ्याने मुलीला तिच्याच घरच्या दुःखावर लिहू दिलं, तिला धर्मावर प्रश्न विचारू दिले, आणि ते कापलं नाही, हे त्या निबंधाइतकंच महत्त्वाचं आहे.

याच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. म्हणून या पुस्तकात अमेरिकेची उदाहरणं आली तर ती ओढूनताणून आणली आहेत असं कुणी समजू नये. वंश आणि शिक्षक यांविषयी सर्वांत जास्त प्रयोग तिथे झाले, आणि त्यांतले काही आपल्या उपयोगाचे आहेत, काही नाहीत. दोन्ही का, ते सांगायला हवं.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी आयोवा राज्यातल्या राइसव्हिल नावाच्या लहानशा गावात जेन एलियट या तिसरीच्या शिक्षिकेने आपल्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले. वर्ग सगळा गोऱ्या मुलांचा. आधी एका रंगाचे डोळे असलेली मुलं श्रेष्ठ ठरली, मग फिरवून दुसऱ्या रंगाची. श्रेष्ठ ठरलेली मुलं काही तासांतच ऐटीत बोलू लागली आणि कमी ठरवलेली मुलं अभ्यासात अडखळू लागली. पुढे एलियटबाईंनी हाच प्रयोग मोठ्या माणसांवर, शिक्षकांवर केला, त्यावर माहितीपट निघाले. दुसरं नाव पेगी मॅकिंटॉश यांचं. वेलस्ली कॉलेजात काम करणाऱ्या या गोऱ्या बाईंनी १९८८ साली एक निबंध लिहिला आणि त्यात गोरेपणामुळे आपल्याला रोज फुकटात काय काय मिळतं याची ४६ कलमांची यादी दिली. जखमेवर लावायची पट्टी आपल्या कातडीच्या रंगाची मिळते, इथपासून ते आपल्या मुलांना शाळेत जे पुस्तक देतील त्यात आपल्यासारखी माणसं असणार याची खात्री असते, इथपर्यंत. यादीत अत्याचार नाहीत, खलनायक नाहीत. सगळी साधी साधी कलमं. तिची ताकद त्या साधेपणात आहे, आणि या पुस्तकातला पहिला स्वाध्याय तिच्यावरूनच सुचला: आपली स्वतःची यादी करायची, आपल्या गावातली, आपल्या भाषेत.

डोळ्यांच्या रंगाचा प्रयोग मात्र आम्ही घेतलेला नाही. आणखी एक खेळ अलीकडे आपल्याकडच्या शिबिरांतही येऊन पोचला आहे. सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं. 'तुमचे आजोबा शाळेत गेले असतील तर एक पाऊल पुढे', 'घर भाड्याने मिळताना आडनाव आडवं आलं असेल तर एक पाऊल मागे'. शेवटी कोण किती पुढे आणि कोण किती मागे, हे सगळ्यांना दिसतं. पुढे पोचलेल्यांना धक्का बसतो, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, शिबिर यशस्वी झालं असं अहवालात लिहिलं जातं. मागे भिंतीला टेकलेल्या मुलीचं काय? तिला नवीन काही कळलेलं नसतं. जे ती इतकी वर्षं झाकून होती ते चारचौघांत उघडं पडतं, आणि तेही पुढच्यांच्या शिक्षणासाठी. उद्या तिला त्याच होस्टेलात राहायचं असतं. मला हा खेळ क्रूर वाटतो, आणि आपल्या अध्यापक विद्यालयांत तो होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत कातडीचा रंग सगळ्यांना आधीच दिसत असतो. आपल्याकडे पुष्कळांनी आडनाव बदलून, वडिलांचं नावच आडनावाच्या जागी लावून, गाव सोडून थोडीशी आड मिळवलेली असते. ती काढून घ्यायचा अधिकार प्रशिक्षकाला कुणी दिला? म्हणून या पुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायात कुणालाही आपली जात सांगायला लागत नाही. लिहायचं ते स्वतःच्या वहीत.

दुसरा फरक अधिक खोल आहे. अमेरिकेत दर पाच शिक्षकांत साधारण चार गोरे असतात, त्यामुळे तिकडचं बहुतेक साहित्य गोरा शिक्षक समोर धरून लिहिलेलं आहे. आपल्या डी.एल.एड.च्या वर्गात बसलेली मुलं बघा. कुणबी, मराठा, माळी, धनगर, वंजारी, बौद्ध, मातंग, भिल्ल, मुसलमान. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं, ती इथे बाकांवर बसलेली असते. तिची खुबी अशी, की जवळजवळ प्रत्येकाला आपल्या वर कुणीतरी दाखवता येतं. "आम्ही कसले सवर्ण, सर? दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन पडलं." हे ऐकलं नाही असा माझा एकही वर्ग गेला नाही, आणि त्यात खोटं काही नसतं. त्याच्या बापावर कर्ज आहे, बहिणीचं लग्न अडलंय, शिक्षक भरती कधी निघणार याचा पत्ता नाही. अशा मुलाला 'तू विशेषाधिकारी आहेस' म्हणून काय उपयोग? तो हसेल, किंवा भडकेल. पण त्यालाच विचारा: तुमच्या गावात देवळाच्या पुढच्या पारावर संध्याकाळी कोण बसतं, आणि कोण बसत नाही? पंगतीत तुला वाढायला कधी कुणी हरकत घेतली होती का? तुझ्या शेतावर कामाला येणाऱ्या बाईला चहा कशात देतात? तो थांबतो. 'आता तसं काही राहिलं नाही' म्हणतो, आणि मग स्वतःच म्हणतो, 'कप वेगळा आहे, पण तो धुतलेला असतो.' इथून काम सुरू होतं. दारिद्र्य आणि मान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एक नसताना दुसरी असू शकते, हे त्याला त्याच्याच अंगणात दिसतं.

अशा वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरक्षणाचा विषय निघतोच. या पुस्तकात त्यावर प्रकरण नाही. त्यावर मत नाही म्हणून नव्हे. आरक्षणावर वाद सुरू झाला की प्रत्येकजण सरकारविषयी बोलतो, नेत्यांविषयी बोलतो, कटऑफविषयी बोलतो, आणि उद्या सकाळी ज्या पाचवीच्या वर्गावर जायचं आहे त्याविषयी कुणीच बोलत नाही. तो वाद चहाच्या टपरीवर होऊ द्यावा.

वर्गात जातीचं काय होतं, याचं एक उदाहरण जवळून दाखवतो. आंतरवासितेतला सहावीचा मराठीचा तास. सुट्टीत काय केलं यावर तोंडी कथन. एक मुलगी उभी राहून सांगू लागली, "म्या आन् माजी आय पहाटच्या पारी पानी आनाया जायाचो…" छात्राध्यापकाने तिथेच थांबवलं. "पानी नाही, पाणी. आनाया नाही, आणायला. पुन्हा सांग." तिने पुन्हा सुरुवात केली. "आय नाही, आई म्हण." वर्ग हसला. तिसऱ्यांदा ती "आम्ही पाणी आणलं" एवढं म्हणून खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने हात वर केला नाही. विहीर किती आटली होती, रांग कुठवर गेली होती, कुणाला हंडा लावू दिला नाही, हे सगळं तिच्यापाशीच राहिलं. पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात 'विद्यार्थ्यांच्या चुका वेळीच दुरुस्त केल्या' या रकान्यात छात्राध्यापकाला चांगले गुण मिळाले.

पाठानंतरच्या चर्चेत कळलं ते असं. हा छात्राध्यापक कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. अकरावीला तालुक्याला आला तेव्हा त्याच्याही 'न' आणि 'ण'वर वर्ग हसला होता. हे त्यानेच सांगितलं, हसत हसत. "म्हणून तर तिला आत्ताच वळण लावलं, सर. पुढे त्रास नको." ज्या नाक्यावर त्याने स्वतः जकात भरली, त्याच नाक्यावर उभा राहून तो आता पावत्या फाडत होता, आणि आपण मुलीवर उपकार करतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. प्रमाण मराठी शिकवायची नाही, असं इथे कुणी म्हणत नाही. ती यायलाच हवी, नाहीतर पुढची दारं बंद होतात. पण आधी तिचं सांगणं पुरं होऊ द्यावं. तिची दोन वाक्यं तिच्याच बोलीत फळ्यावर लिहावीत, खाली पुस्तकी मराठीत लिहावीत, आणि दोन्ही वर्गाकडून वाचून घ्यावीत. यात वेळ फार जात नाही. तिसऱ्या प्रकरणात असे पाठ सविस्तर दिले आहेत, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे, कारण आपल्या शाळांत जात सर्वांत जास्त वेळा 'शुद्धलेखना'च्या तासाला बोलते.

चौथ्या प्रकरणातला स्वाध्याय जोडीने करायचा. एकजण पाठ घेतो, दुसरा मागे बसून कागदावर बाकांचा आराखडा काढतो. नाव घेऊन प्रश्न विचारला की त्या जागेवर ठिपका, शाबासकी दिली की गोल, रागावलं की फुली, फळा पुसायला किंवा पाणी आणायला पाठवलं की चौकोन. तास संपला की कागद पाठ घेणाऱ्याच्या हातात द्यायचा, काही न बोलता. वर्गाच्या एका कोपऱ्यात तासभर एकही ठिपका नसतो, आणि चौकोन सगळे तिथेच असतात, असं कितीदा तरी घडतं. झाडू कुणाकडे असतो हेही बघायचं. मुलग्यांच्या वर्गात तो कुणाकडे, मुलामुलींच्या वर्गात कुणाकडे. मुलींना हा मुद्दा चटकन कळतो. घरातून ओळखीचा असतो. त्यांतल्याच काहींना मग जातीचा मुद्दाही आधी कळतो, काहींना मुळीच कळत नाही. बाई असल्याने आपण आपोआप दुसऱ्याच्या जागी जातो, हा भ्रम आहे.

शिष्यवृत्तीचं पाचवं प्रकरण लहान आहे, कारण तिथे विचार करण्यासारखं फार नाही, फक्त सवय बदलायची आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणायला सांगताना "मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी उभं राहा" असं म्हणायचं नाही. चिठ्ठी द्यावी, पालकांना फोन करावा. वर्गशिक्षकाची दहा मिनिटं जास्त जातील.

साताऱ्याचा धडा सगळ्यांना पाठ आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव तिथल्या शाळेत दाखल झाला, आणि तो दिवस आता आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. भाषणात मुलं सांगतात: तो वर्गाच्या कोपऱ्यात वेगळा बसायचा, बसायला गोणपाट घरून आणायचा, शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचं. छात्राध्यापकांना या प्रसंगावर लिहायला सांगितलं की सगळेच्या सगळे भीमराव होऊन लिहितात. सगळ्यांचीच निबंधवही हळहळते. या पुस्तकात सांगितलं आहे की भीमराव होऊ नका. त्या वर्गातले गुरुजी व्हा. ते दुष्ट होते असं धरू नका. चांगलं शिकवणारे, कुटुंबवत्सल, सणावारी दानधर्म करणारे गुरुजी. ते वर्गात येतात, कोपऱ्यातलं गोणपाट त्यांना दिसतं, की दिसतही नाही? त्या दिवशी गणित कुणाला घातलं? संध्याकाळी घरी जेवताना शाळेतलं काय सांगितलं? किंवा मधल्या रांगेत बसलेला एक मुलगा व्हा, ज्याला तहान लागली की तो उठून पाणी पिऊन येतो आणि पुन्हा बसतो. हे लिहिताना पेन अडतं. अडायलाच हवं. बाबासाहेब पुढे कोलंबियात जॉन ड्यूईंचे विद्यार्थी झाले, आणि शिक्षकाने आपल्या अनुभवाकडे वळून पाहावं हा विचार आज आपण 'रिफ्लेक्टिव्ह जर्नल' म्हणून शिकवतो तो बराचसा ड्यूईंकडूनच आलेला आहे. तो वापरायला आपल्याकडे याहून चांगलं साहित्य कुठलं?

आत्मकथनंही याच नजरेने वाचायची आहेत. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी', ऊर्मिला पवार यांचं 'आयदान'. एरवी ती दुःखाची पुस्तकं म्हणून वाचली जातात आणि मिटली जातात. इथे त्यांतले फक्त शिक्षक शोधायचे. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, कुणाच्या एका वाक्याने पोरगं शाळेत टिकलं. शाळेच्या नोंदवहीत बापाचं नाव काय लावायचं, हा प्रश्न 'अक्करमाशी'तल्या मुलापुढे उभा राहतो तेव्हा टेबलापलीकडे बसलेला माणूस आपल्याच धंद्यातला असतो. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' मुद्दाम पुरं वाचावं. संस्कृत शिकायची इच्छा धरणारी दलित मुलगी, तिला ती शिकवणारे गुरुजी, भुवया उंचावणारे इतर सगळे. एम.ए. होऊनही कुमुद सोमकुवर या नावाला नोकरी मिळाली नाही; आंतरजातीय लग्नानंतर कुमुद पावडे या नावाला मिळाली. पदवी तीच, विषय तोच, बाई तीच.

कोसबाडची गोष्ट मी वेगळी ठेवतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या वारली पाड्यांवर गेल्या तेव्हा शहरी, मध्यमवर्गीय माँटेसरी पद्धत त्यांच्याबरोबर होती. पोरं शाळेत येईनात. त्यांनी पोरांना दोष दिला नाही, शाळा अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर. साधनं बाजारातून न आणता चिंचोके, शंख-शिंपले, पानं-फुलं यांची केली. आपल्याला जे शाळा वाटतं ते आपल्या घरातून आलेलं आहे, आणि दुसऱ्याच्या पाड्यावर ते परकं ठरतं, हे त्यांना कामातून उमगलं. त्यासाठी त्यांनी शिबिर भरवलं नव्हतं, स्वतःला दूषणंही दिली नव्हती.

हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावरच्या चर्चांना अपराधीपणाची फार हौस असते. एखादा छात्राध्यापक उठून 'माझ्या पूर्वजांनी केलेल्या अन्यायाबद्दल मी माफी मागतो' म्हणतो, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठात ठिपके पुन्हा पुढच्याच दोन बाकांवर पडतात. माफीने वर्गातल्या कुठल्या मुलाचं काय भलं झालं? मला त्याच्याकडून माफी नको, पुढच्या आठवड्यातला आराखडा हवा. तो थोडा बदललेला असला तर पुष्कळ झालं. बदलला नसेल, तर का नाही यावर बोलू.

शेवटी, वापराविषयी दोन विनंत्या. छात्राध्यापकांनी वही एकट्याने लिहावी आणि स्वतःपाशी ठेवावी. ती मागायचा अधिकार कुणालाही नाही, मार्गदर्शकालाही नाही. गटात बोलायचं ते पाठांवर, आराखड्यांवर आणि पुस्तकांवर. आणि प्राचार्यांना व प्राध्यापकांना विनंती अशी, की या कामाला अंतर्गत गुण देऊ नका. गुण आले की फाइल येईल, फाइल आली की मागच्या बॅचची फाइल येईल, आणि 'मी जात मानत नाही' हे वाक्य सुंदर अक्षरात, लाल शाईने अधोरेखित होऊन तुमच्या टेबलावर सहीला येईल.